कवितेत गाव कसे उतरवावे

हिरवे हिरवे रान सभोती,
शांत निवांत अमुचे गाव;
झुळझुळ वाहे निर्मळ ओढा,
स्वर्गाहूनही सुंदर ठाव.

या चार ओळी मी महाविद्यालयात असताना लिहिल्या आणि त्या माझ्याच गावाच्या आहेत असे मला तेव्हा मनापासून वाटत होते. माझे गाव माण तालुक्यात आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, डोंगरांनी ढग अडवून घेतल्यावर उरलेल्या माणदेशात तो साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. आमचा ओढा वर्षातले मोजके दिवस वाहतो आणि वाहतो तेव्हा गढूळ लोंढा होऊन वाहतो. एरवी तिथे वाळू असते. म्हणजे मी लिहिलेला ओढा मी कधी पाहिलेलाच नव्हता; तो मला पाठ्यपुस्तकातून मिळाला होता.

गावाची कविता लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जुन्या कवितेवर पहिली परीक्षा ही करावी. कवितेतून आपल्या गावाचे नाव काढून तिथे शंभर कोसांवरच्या दुसऱ्या गावाचे नाव घालावे आणि एकही ओळ खोटी ठरते का ते पाहावे. एकही ओळ खोटी ठरत नसेल, तर ती कविता कोणत्याच गावाची नाही. वरच्या चार ओळी रत्नागिरीत, भंडाऱ्यात, अगदी पंजाबातही सारख्याच चालतील. गाव कवितेत येते ते त्याच्या नेमक्या नावांतून आणि तिथे चालणाऱ्या नेमक्या कामांतून. ‘सुंदर’, ‘शांत’, ‘रम्य’, ‘निर्मळ’ ही विशेषणे त्या नावांची आणि कामांची जागा अडवून बसतात, म्हणून पहिल्या खर्ड्यातून ती काढून टाकावीत. मग जे उरते, ते बहुधा फार थोडे असते. कामाची सुरुवात तिथूनच करायची.

जागा लहान घ्यावी

संपूर्ण गाव एका कवितेत मावत नाही. एक बांध निवडावा, एक विहीर, पाणंदीचे एक वळण, शिवेवरचा एखादा म्हसोबा, गोठ्याची एक बाजू. तिथे वेगवेगळ्या वेळी जाऊन बसावे आणि लिहिण्याआधी विचारावे, कारण शेताला लोक जे नाव देतात ते सातबाऱ्यावर नसते. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, क्षेत्र असते, पिकाची नोंद असते. घरात मात्र त्याच तुकड्याला ‘चिंचेचं’, ‘माळाचं’, ‘चोपण’, ‘वरचं टाल’ असे काहीतरी म्हणतात. त्यातली चिंच कदाचित तीस वर्षांपूर्वी तोडलेली असते आणि तरीही सगळे त्या रानाला चिंचेचेच म्हणतात. अशा एका नावात एक कविता असते. ‘चोपण’ म्हणजे खारवटलेली, पाऊस पडला की लिबलिबीत होणारी आणि वाळली की दगडासारखी घट्ट होणारी जमीन. ज्याच्या वाट्याला चोपण आली, त्याच्या घरातली वाटणी कशी झाली असेल हेही त्या एका शब्दातून कळते. जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘पांढरी’ आणि ‘काळी’ असे शब्द येतात, पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची. एवढ्या दोन शब्दांत गावाचा नकाशा उभा राहतो, आणि तो रंगांचा आहे.

वही ठेवावी, पण ती इंग्रजी महिन्यांची नको. शेतकरी पावसाळा नक्षत्रांनी मोजतो. मृग जूनच्या ७–८ तारखेच्या सुमारास लागते आणि पुढचे प्रत्येक नक्षत्र साधारण १३–१४ दिवसांचे असते: आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वहीत प्रत्येक नक्षत्राला एक पान द्यावे आणि त्या दिवसांत आपल्या निवडलेल्या जागी काय उगवले, काय वाळले, कोणता पक्षी आला, कोण कोणते काम करत होते, कोणत्या वेळी कशाचा वास आला, हे साध्या गद्यात लिहावे. कविता करण्याचा प्रयत्न या वहीत मुळीच करू नये. दोन वर्षांची वही झाली की आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. मला दिसलेली पहिली गोष्ट अशी की आमच्याकडचा खरा हिरवा रंग आषाढाचा नाही. आमचा भरवशाचा पाऊस सप्टेंबर–ऑक्टोबरातला, परतीचा. त्यावर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरतात, आणि तो शाळू पुढे आभाळाच्या पाण्यावर नाही, तर काळ्या रानाने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर वाढतो. म्हणून माणदेशावरच्या कवितेत ‘आषाढघन’ आणि ‘हिरवे गालिचे’ आले की मी वाचता वाचता थांबतो. संक्रांतीच्या आसपासचा, कणसात भरत चाललेला शाळू तिथे असायला हवा होता.

वापशाची गोष्ट

एका कवितेत मी लिहिले होते की वळीव पडला आणि बाप त्याच पावलांनी पेरायला निघाला. ओळीला गती होती, मला ती आवडलीही होती. चुलत्यांना, म्हणजे आप्पांना, ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, “आरं, चिखलात कुरी चालंल का? वापसा तर यू दे.”

वापसा म्हणजे पावसानंतर जमिनीतले जादा पाणी मुरून जाऊन माती अशा ओलीवर येणे की तिच्यात अवजार चालते, माती फणाला चिकटत नाही आणि बी रुजेल एवढा ओलावा मात्र टिकलेला असतो. त्याची परीक्षा हातानेच होते. आप्पा बांधाजवळ बसले, चार बोटे खोल माती उकरून मूठभर घेतली, दाबून तिचा गोळा केला आणि तो खाली सोडला. गोळा फुटून भुगा झाला असता, तर वापसा आला. तो तसाच चपटा पडला, म्हणजे अजून दोन दिवस. त्यांनी हाताला लागलेली माती धोतराला पुसली नाही, बांधाच्या दगडाला पुसली. हे सगळे मिळून अर्धा मिनिट लागला असेल. मी मात्र त्या दिवशी माझी ओळ खोडली आणि पाऊस पडून गेल्यावरचे ते दोन दिवस कवितेत घेतले: बी तयार आहे, बैल तयार आहेत, आभाळ पुन्हा भरून येत आहे, आणि माणूस मुठीतली माती खाली सोडून पाहतो आहे. पहिल्या ओळीत नुसती घाई होती. या दोन दिवसांत भीतीही होती आणि धीरही होता, आणि मला त्यांची नावे घ्यावी लागली नाहीत.

यातून एक रीत हाती येते. भावनेचा शब्द लिहावासा वाटला की त्या जागी त्या वेळी चाललेल्या कामाचा शब्द शोधावा. अवजारांची नावे ज्या त्या भागाचीच घ्यावीत, कारण ती जिल्ह्याजिल्ह्याला बदलतात. पेरणीच्या ज्या अवजाराला आमच्याकडे कुरी म्हणतात, त्याला इतर भागांत पाभर म्हणतात. मराठवाड्यात आणि विदर्भात तीन फणांची तिफण चालते. आमचा बांध विदर्भात धुरा होतो, आमचे रान तिकडे वावर होते. कोकणात तर सगळी शब्दसंपदाच वेगळी: जांभ्याचा सडा, गडगा, भाताचा तरवा, खाचर. तिफण हा शब्द कानाला गोड लागतो म्हणून तो साताऱ्याच्या कवितेत आणला, तर तिथला वाचक पहिल्याच ओळीला ओळखतो की हा माणूस इथला नाही.

नजर कोणत्या वाटेने जाते

नावे जमली, कामे जमली, तरी ती नुसती एकापुढे एक मांडून कविता होत नाही. वाचकाची नजर त्या जागेतून चालत जायला हवी. हे शिकण्यासाठी मराठीत बालकवींच्या ‘औदुंबर’पेक्षा चांगला धडा मला ठाऊक नाही. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, १८९० साली खानदेशात धरणगावी जन्मले आणि १९१८ साली, तिशीही न गाठता गेले. ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे. तिची सुरुवात अशी:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन

आता पुढचा क्रम पाहावा. आधी झरा आणि त्याचे दोन्ही काठ. मग नजर वर उचलून पैल टेकडीकडचे चार घरांचे चिमुकले गाव. गावापुढे शेतमळ्यांची दाट गर्दी. तीतून अडवीतिडवी पडलेली पांढरी पायवाट. आणि ती पायवाट नजरेला हाताला धरून हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे खाली आणते. डोहाशी आल्यावर नजरेला पुढे जायला जागाच उरत नाही, आणि नेमका तिथे पाय पाण्यात टाकून औदुंबर बसलेला आहे. म्हणजे पहिल्या सात ओळी या आठव्या ओळीकडे जाणारा रस्ता आहेत. रंगही पाहावेत: हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा, सगळे एकाच शब्दात सांगितलेले. उदास वाटले, शांत वाटले, असे कवी कुठेही म्हणत नाही. पाण्यावर पसरणारा ‘गोड काळिमा’ आणि झाडाचे बसणे एवढ्यावर तो थांबतो. या कवितेतून शब्द उचलू नयेत, कारण ते आता बालकवींचेच आहेत. रीत मात्र जरूर उचलावी. आपल्या निवडलेल्या जागेचा कागदावर साधा नकाशा काढावा, नजर कुठून आत शिरते आणि कुठे अडते ते बाणाने दाखवावे, आणि जिथे ती अडते ते कवितेच्या शेवटी ठेवावे.

बोली

प्रमाण मराठीत लिहावे की बोलीत, हा प्रश्न प्रत्येक नव्या कवीला पडतो. माझे मत असे की बोली दागिन्यासारखी वापरू नये. सगळी कविता पुस्तकी मराठीत आणि मधेच रंगत यावी म्हणून एक ‘लई’ किंवा ‘न्हाई’ घातले, तर ते वाचणाऱ्याला खोटे वाटते आणि गावाच्या माणसाला लागते. विचार ज्या बोलीत आला, त्या बोलीतच तो लिहावा. नाही आला, तर साधे प्रमाण मराठी अधिक प्रामाणिक आहे.

बोलीने काय साधते, हे बहिणाबाई चौधरींच्या चार ओळींत दिसते. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या आणि घरात, शेतात काम करता करता ओव्या रचणाऱ्या या बाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली.

मन वढाय वढाय
उभ्या पीकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकावर

‘वढाय’ म्हणजे ओढाळ. बहिणाबाईंच्या लेवा बोलीत ‘ळ’चा अनेकदा ‘य’ होतो. ओढाळ हा मुळात जनावराचा शब्द आहे, कितीही हाकलले तरी पुन्हा दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या गुराला तो लावतात. म्हणजे मनाला उपमा शोधायला बहिणाबाई कुठे बाहेर गेल्या नाहीत; बांधावर उभे राहून ढोर हाकणाऱ्या बाईला मन जसे दिसेल, तसेच ते इथे दिसते. आता ‘वढाय वढाय’च्या जागी ‘ओढाळ ओढाळ’ म्हणून पाहावे. अक्षरे तेवढीच राहतात, अर्थही तोच राहतो, पण ‘य’वर जो आवाज मोकळा सुटतो, लांबून ढोराला घातलेल्या हाळीसारखा, तो ‘ळ’वर येऊन मिटतो. बोलीचे काम हे आहे.

लय कामातून घ्यावी

वरच्या चारही ओळी अक्षरे मोजून पाहाव्यात: प्रत्येकीत आठ. हे माप जात्यावरच्या ओवीच्या जवळचे आहे. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी एकच खुंटा धरून ओढतात, आणि मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकायला एक हात मोकळा करावा लागतो. त्या दाण्यांना ‘वैरण’ म्हणतात. जात्यालाही वैरण लागते, ही कल्पना शब्दातच बसलेली आहे. ओढीचा दाब, फेऱ्याचे वळण, वैरण टाकतानाचा श्वास, हे सगळे त्या गाण्याच्या यतीत, म्हणजे ओळीतल्या थांब्यांत, उतरले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. त्यांतल्या ज्यांचे ध्वनिमुद्रण ऐकायला मिळते, त्या वाचण्याआधी ऐकाव्यात. अभंगाचे माप वेगळे, सहा-सहा-सहा-चार. त्यात शेवटचा तोकडा चरण पाऊल टेकल्यासारखा पडतो. मुक्तछंदात लिहायचे असले, तरी आपल्या जागेतल्या कामाची लय आधी कानात बसवावी. खुरपणाऱ्या बायका ओळ धरून सरकतात तेव्हा त्यांच्या बोलण्याला जी तुटक गती येते, तीही एक लय आहे, आणि ती अजून फारशी कुणी कागदावर आणलेली नाही.

आजचे गाव

मोट, जाते, बैलगाडी एवढ्यावर कविता थांबली, तर ती आजीच्या काळाची आठवण होते. ती आठवण लिहायलाच हवी, पण आठवण म्हणून. आजच्या शिवारात ठिबकच्या नळ्या आहेत, कोरडी गेलेली बोअर आहे, शेततळ्यात अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद आहे, आणि रात्रीची लाईट आहे. शेतीपंपाला वीज रात्री मिळते त्या आठवड्यात माणूस बॅटरी घेऊन एक वाजता रानात जातो आणि दारे धरतो. ‘दारे धरणे’ म्हणजे पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवण्यासाठी मातीचे तोंड फोडणे आणि आधीचे बुजवणे. थंडीच्या रात्री अनवाणी पाय गार पाण्यात, एका हातात खोरे, मोबाइलची बॅटरी दातांत धरलेली, आणि दूरवर दुसऱ्या कुणाच्या रानात तसाच एक हलणारा उजेड. घर झोपलेले असताना अंधारात दारे उघडणारा आणि बंद करणारा हा माणूस कवितेची वाट पाहत उभा आहे, आणि त्याच्यासाठी एकही नवा शब्द घडवावा लागत नाही. बोअर, लाईट, ठिबक हे शब्द कवितेत आणायला लाजू नये. गावाने ते केव्हाच आपले केले आहेत.

आपल्यापैकी बरेच जण आता पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहून गावावर लिहितात. त्यांच्या कवितेतले गाव बहुधा दिवाळीच्या सुट्टीतले असते, कारण जाणे तेव्हाच होते. शक्य असेल तर एकदा मे महिन्यात, एकदा ऐन पेरणीत जावे. जाणे होत नसेल, तर फोनवर नुसती खुशाली न विचारता ओल किती आहे, टँकर कधी येतो, काय पेरले, हे विचारावे, आणि आपण लांब आहोत हे कवितेतून लपवू नये. फोनवर ऐकलेला पाऊस हा फोनवर ऐकलेला पाऊस म्हणूनच लिहिला, तर तो खरा राहतो.

खर्डा गावात वाचावा

सुरुवातीच्या माझ्या चार ओळींकडे मी अनेक वर्षांनी परत गेलो. ओढा वाहत नाही, हे मान्य केल्यावर त्या ओढ्याशी आमचे नेमके कोणते काम पडत होते ते आठवायला लागलो. उन्हाळ्यात आई पहाटे वाळूत झिरा उकरायची आणि त्यात पाझरून येणारे पाणी वाटीने घागरीत भरायची. ते मी आधी गद्यात लिहिले, मग तिच्याच तोंडच्या चालीवर आठ-आठ अक्षरांत बसवले:

वढ्याच्या ग वाळूमंदी झिरा उकरिते बाई
वाटी वाटीनं घागर, बाभळीला घाई न्हाई

दुसऱ्या ओळीतली काठावरची बाभूळ मला फार आवडली होती. छापायला पाठवण्याआधी मी ती ओवी आईला म्हणून दाखवली. तिने दोनदा म्हणायला लावली आणि मग विचारले, “आन् काट्या कुठं गेल्या?” मला कळले नाही, तेव्हा तिने सांगितले की घागर भरल्यावर झिऱ्याभोवती बाभळीच्या काट्या रचून ठेवायच्या, नाहीतर रात्रीतून साचलेल्या पाण्यात कुणाची शेरडे, ढोरे तोंड घालतात आणि पहाटे नुसता चिखल हाती लागतो. मी तिच्याबरोबर कितीदा तरी गेलो होतो आणि माझ्या लक्षात राहिली होती ती बाभळीची सावली. तिच्या लक्षात काटे होते, कारण ते तिच्या हाताला लागत होते. तुम्हीही खर्डा ज्यांच्या कामावर लिहिला आहे त्यांनाच वाचून दाखवावा, त्यांनी कुठे थांबवले ती जागा वहीत लिहून ठेवावी आणि तिथे वाद घालू नये. मी बाभळीला घाई नसल्याची ती अर्धी ओळ काढली. ओवी आता अशी आहे:

वढ्याच्या ग वाळूमंदी झिरा उकरिते बाई
वाटी वाटीनं घागर, घाई इथं चालं न्हाई

मग बाभळीच्या काट्या लावी झिऱ्याच्या भवती
रातभर साचं पानी, त्याची राखण करिती